मालूची टोपी नक्की कशात मोडते?

मामलेदार कचेरीत एकवीस वर्षं कारकुनी केली की माणसाची एक समजूत पक्की होते. जगातली कुठलीही वस्तू कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतेच, आणि बसत नसेल तर कोणीतरी तिला नीट बसवलेलं नाही. माझं काम जमिनींचं. जिरायत, बागायत, वरकस, खाजण, मिठागर. पनवेल तालुक्यातला कुठलाही तुकडा कशात मोडतो ते मी नुसते कागद बघून सांगत असे. तो तुकडा पाहायला जाण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. अशा माणसाला एका आठ वर्षांच्या मुलीची टोपी अडीच महिने कुठल्याच रकान्यात बसवता येऊ नये, ही गोष्ट मी कचेरीत अजून कोणाला सांगितलेली नाही.

टोपी माझ्या मुलीची, मालूची. सत्तावन्न सालच्या मे महिन्यात ती चिंचेवरून पडली. चिंचेवर का चढली होती याची मी रीतसर चौकशी केली, तेव्हा चिंच तिथे होती एवढंच कारण निघालं. डोक्याला मार लागला, मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं, आणि घरी पाठवताना तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, की वर्षभर डोक्याला धक्का लागता कामा नये. पळायचं नाही, खेळायचं नाही. खेळायचंच असेल तर डोक्याला असं काहीतरी बांधा की पडली तरी आत काही पोचणार नाही. "असं काहीतरी" म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. फार मोठे डॉक्टर होते ते.

तेव्हा मालू ओट्यावर बसली. आमचं घर मोहल्ल्याच्या तोंडाशी आहे आणि समोरच्या बोळात रोज संध्याकाळी पोरं लगोरी खेळतात. पहिला महिना मालू ओट्यावरून इतका आरडाओरडा करायची की दोन्ही बाजूंना तिचा त्रास व्हायचा. दुसऱ्या महिन्यात ती नुसती कोण आऊट झालं ते मोजायला लागली. दसऱ्याच्या सुमाराला तिने बोळाकडे पाठ केली आणि ती कोळशाने भिंतीवर रेघोट्या ओढत बसू लागली. ते मला बघवत नसे. मी कचेरीतून मागच्या दाराने घरी येऊ लागलो, आणि मागच्या बाजूने यायचं म्हणजे विहिरीचा चिखल तुडवावा लागे, तरी येत होतो.

"असं काहीतरी" बनवण्याचं काम दरम्यान सगळ्या आळीने हाती घेतलं होतं. माझ्या पत्नीने, कमळाने, कानटोपीत पिंजलेला कापूस भरला. ती टोपी डोळ्यांवर घसरायची, आणि दिसलं नाही म्हणून मालू पडायची वेळ आली. एसटी स्टँडवर चपला दुरुस्त करणाऱ्या दादूने फुटक्या फुटबॉलचं कातडं उलटं करून एक टोप शिवला. तो घालायला एक माणूस लागे आणि काढायला तीन. त्याचा वास असा होता की मालूने स्वतःच ओट्यावर बसणं पसंत केलं. मग बळीरामने भोपळा आणला.

बळीराम हा ओवे गावचा शेतकरी. त्याच्या एका शेतात निम्म्यावर भात होई आणि निम्म्यावर भरतीचं पाणी येऊन मीठ धरे. ते शेत भातात लावायचं की मिठात, हे मला चौदा महिने ठरवता आलं नव्हतं. त्यामुळे तो दर मंगळवारी माझ्याकडे यायचा आणि त्याचा आमच्या घराशीही संबंध जडला होता. त्याने चांगला वाळलेला मोठा भोपळा अर्धा कापून, आतून घासून, दोऱ्या लावून आणला. मालूला तो आवडला. आत सगळं मोठ्यांदा ऐकू येतं, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी माठातलं पाणी घ्यायला ती वाकली, भोपळा माठावर आपटला, आणि दोन्ही फुटले.

अशा वेळी शेजारच्या हलीमाबाई पत्र घेऊन आल्या. त्यांचा भाऊ जमाल बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, आहे. मालूची हकीगत त्याला हलीमाबाईंच्या मुलीने, फरिदाने लिहून कळवली होती. फरिदा दहा वर्षांची. बोळातल्या लगोरीचं सगळं राज्य तिच्या हातात. जमालचं उत्तर इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरातून आलं होतं.

"भाऊ, वाचा तर," हलीमाबाई म्हणाल्या. "मला तर आधी वाटलं जमाल मस्करी करतोय."

जमालने लिहिलं होतं, की इथे चांगले थोराड बाप्ये एका लांबट चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि कान शाबूत राहावेत म्हणून कातड्याची, आत भरणा केलेली टोपी घालतात. लहान मापाचीही मिळते. पायांना चाकं लावून फिरणारी पोरं गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या बांधतात. मालूबेटीसाठी टोपी आणि गाद्या पाठवतोय, खेळ म्हणावं.

मी ते पत्र आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "अशी टोपी खरंच आली तर जरूर खेळू द्या. पण ती आल्याशिवाय नको." मालूने भिंतीवरच्या रेघोट्या त्या संध्याकाळी स्वतः पुसून काढल्या.

टोपी आली नाही. डिसेंबरात नोटीस आली. परदेशी पार्सलांचं काम पाहणाऱ्या मुंबईच्या कचेरीत आपल्या नावे आलेलं पार्सल अडवून ठेवलं आहे. पाकिटावर "खेळण्याचे सामान" असं लिहिलं असून खेळण्यांच्या आयातीला परवाना लागतो. तरी वस्तू नेमकी काय आहे व तिचा उपयोग काय, याचं वर्णन खालील रकान्यात करावं. आणि खाली एक रकाना, चांगला तीन बोटं रुंद.

रकाना पाहून मला काय वाटलं ते सांगितलं तर लोक हसतील. मला आनंद झाला. आजवर मी लोकांना रकाने भरायला लावत आलो होतो. आता समोर आपल्याच जातीचा माणूस होता, आणि त्याला दाखवून द्यायचं होतं की पनवेलीलाही रकाना भरता येतो.

नोटीस आल्याची बातमी तासाभरात आळीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. हलीमाबाई म्हणाल्या, "भाऊ, दवा आहे म्हणून लिहा. दवेला कोण अडवत नाय. खुदाच्या मेहेरबानीने पोर खेळेल." व्यायामशाळेचे चिटणीस तुळशीराम यांचं मत पडलं, की क्रीडासाहित्य म्हणावं, त्याने गावाची शानही वाढेल. दादू म्हणाला, "चामड्याचा माल लिहा. शिवलेला." कमळाने एकच विचारलं, "टोपी आहे, तर टोपी लिहायला काय होतं?" बायकांना शासकीय लिखाणातली खोच कळत नाही, असं मला त्या वेळी वाटलं. त्या वेळी, असं मी मुद्दाम म्हणतो.

बळीराम मंगळवारी आला तेव्हा त्याने नोटीस उलटीसुलटी करून पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं, पण कचेरीच्या कागदांचा त्याला माझ्याइतकाच अनुभव होता.

"भाऊसाब, एक सांगू? ईचारतील तेवडंच सांगा. आमी सांगून बसलो, खारं पानी बी येतं नि गोडं बी हाय. खोटं नाय सांगितलं. तवापासनं फिरतोय."

"तुझी गोष्ट वेगळी, बळीराम," मी म्हटलं. "तुझ्या शेतात खरोखरच दोन प्रकार आहेत."

"तुमच्या टोपीत किती हायत?" त्याने विचारलं. मी त्याला पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं.

पण प्रश्न डोक्यात राहिला. माझ्या स्वभावात एक खोड आहे. एखादी गोष्ट कशात मोडते हा प्रश्न एकदा समोर आला की मला जेवण गोड लागत नाही. कचेरीसमोर बसणाऱ्या एका वकिलांकडे आयात मालाच्या जकातीचं जाडजूड पुस्तक होतं. ते कोणी उघडलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी मला ते आनंदाने दिलं. मी ते रात्रीच्या जेवणाआधी उघडलं आणि माणसाने कादंबरीत रमावं तसा त्यात रमलो. काय नव्हतं त्यात. घोड्याच्या शेपटीचे केस होते, छत्रीच्या काड्या होत्या, गोंद होता, घंटा होत्या. जगातल्या सगळ्या बंदरांतला सगळा माल कोणीतरी एकदा ओळीने उभा करून ठेवला होता. ज्याने कोणी ते केलं असेल त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला. फक्त मालूची टोपी त्या ओळीत कुठे उभी करायची ते समजेना.

मुळात खेळणं म्हणजे काय? लाकडी बाहुली म्हणजे खेळणं, यात वाद नाही. पण कापडाच्या दुकानात लुगडं नेसवून उभी केलेली बाहुली? ती खेळणं नाही. गोफण पोराच्या हातात खेळणं आणि बळीरामच्या हातात शेतीचं अवजार. मालूच्या भातुकलीतली चूल खेळणं खरी, पण परवा तिच्यावर तिने खरा भात शिजवला होता. मग मी घरातली एकेक वस्तू उचलून पाहू लागलो. जेवताना ताटातली लिंबाची फोड बघत बसलो तेव्हा कमळा म्हणाली, "ती खायची असते." मी कचेरीत सहकाऱ्यांना विचारू लागलो. मामलेदारसाहेबांनाही विचारलं. त्यांनी मला दोन दिवस रजा घेण्याचा सल्ला दिला.

ती रजा मी सत्कारणी लावली. तीन बोटं रकाना अपुरा पडला, म्हणून "सोबत जोडले आहे" असं लिहून चार पानांचं निवेदन जोडलं. आपल्या कामात रकाना कोरा ठेवणं पाप आणि मोघम भरणं महापाप. त्यामुळे मी काही म्हणजे काही राहू दिलं नाही. सदर वस्तू ही टोपी आहे, परंतु ऊन अथवा थंडी यांपासून संरक्षण हा तिचा हेतू नाही. ती खेळताना वापरावयाची आहे, परंतु स्वतः खेळणे नाही. ती चर्माची आहे. ती वैद्यकीय सल्ल्यानुसार आहे, परंतु औषध नाही. गाद्यांबद्दल वेगळा परिच्छेद केला. खाली सही करताना मला वाटलं, हे निवेदन वाचून तिथला माणूस उठून उभा राहील.

तो उठून उभा राहिला की नाही ते कळलं नाही. पण त्याने काय केलं ते जानेवारीत कळलं. त्याने माझं निवेदन नीट वाचलं आणि त्याच्या चार प्रती केल्या. टोपी म्हणून एक प्रत कपड्यांच्या टेबलावर गेली, खेळ म्हणून दुसरी खेळण्यांच्या, चर्म म्हणून तिसरी कातड्याच्या, आणि वैद्यकीय म्हणून चौथी औषधांच्या. प्रत्येक टेबलाने मला वेगळं पत्र पाठवलं. कातडं कोणत्या जनावराचं? औषध नसल्यास रोगाचं नाव काय? कपडा असल्यास तो स्त्रीचा की पुरुषाचा? आणि क्रीडासाहित्य म्हणत असाल तर क्रीडा कोणती, व ती क्रीडा असल्याबद्दल मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला जोडावा. शिवाय पार्सल उघडलं असता त्यात टोपी व गाद्यांखेरीज किल्लीचं पत्र्याचं एक बदक आढळलं, त्याचा उल्लेख आपल्या निवेदनात का नाही?

बदकाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. चार पानं लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच पार्सलात बदक आहे हे माहीत नसावं, ही नामुष्की मी कमळाला दोन दिवस सांगितली नाही. हलीमाबाईंनी कपाळावर हात मारला. "जमालच्या मनाने घेतलं असेल. पोरीला नुसती टोपी काय पाठवायची, म्हणून घातलं असेल बघा त्याने." आता टोपी काहीही असो, बदक हे खेळणंच होतं. आणि बदकाबरोबर आलेलं सगळंच खेळण्यांत धरावं, असं खेळण्यांच्या टेबलाचं म्हणणं पडलं.

दाखल्यासाठी मी तुळशीरामांकडे गेलो. व्यायामशाळेचा शिक्का त्यांच्याकडे असतो. त्यांनी शिक्का काढला, शाई लावली आणि विचारलं, "क्रीडा कोणती लिहू?"

"लगोरी."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. "लगोरी? फुटक्या कौलांची? भाऊसाहेब, हुतुतू म्हणा, आट्यापाट्या म्हणा, मी डोळे मिटून शिक्का मारतो. लगोरीला नियमावली कुठे आहे?"

नियमावली नाही हे खरं होतं. मग दोघांनी बसून ती तयार करायला घेतली. सात कौलं की नऊ, चेंडू चिंध्यांचा की रबराचा, टप्पा पडून लागला तर काय. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आमचं चेंडूच्या परिघावरून बिनसलं. तुळशीराम म्हणाले की माझ्यासारख्या माणसाला क्रीडेतलं काही कळत नाही. मी म्हणालो की त्यांच्या व्यायामशाळेतल्या मल्लखांबाला तीन वर्षं तेल लागलेलं नाही. शिक्का कोरडाच राहिला.

त्या संध्याकाळी मी जरा तावातावानेच घरी आलो, म्हणून पुढच्या दाराने आलो. मालू ओट्यावर होती. पाठ बोळाकडे.

"बाबा, टोपी आली का?"

मी तिच्याजवळ बसलो आणि तिला सगळं समजावून सांगितलं. चार टेबलं, बदक, मान्यताप्राप्त संस्था. मला ते सांगताना मजा येत होती, हे कबूल करायला हवं. विषयच तसा होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे मी मोठी झाल्यावर येईल?"

आतून कमळा बाहेर आली. ती चिडली की आवाज चढवत नाही, उतरवते. "अहो," ती म्हणाली, "तिला टोपी हवी होती. तुम्हाला प्रश्न मिळाला. तुमचं भागलं, तिचं काय?"

आठ महिने एक मूल ओट्यावर बसलं होतं आणि मी चेंडूचा परीघ मोजत होतो. मला माझी शरम वाटली. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी बळीरामचा कागद काढला, दुपारी सायकल घेऊन ओव्याला गेलो आणि त्याच्या बांधावर उभा राहिलो. भात होतं तिथे भात होतं, मीठ होतं तिथे मीठ होतं. मध्ये त्याने हातभर उंच बांध घातला होता. चौदा महिन्यांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलं नव्हतं. शेताचे दोन तुकडे लावून कागद निकाली काढायला मला पाऊण तास लागला. बळीराम म्हणाला, "आता टोपीकडं बी असंच जा भाऊसाब. पोरीला घेऊन जा. ती काय कागद हाय का, डाकेनं पाठवायला?"

पोरीला मुंबईला न्यायचं म्हणजे एसटीने मुंब्र्यावरून. त्या रस्त्यावर धडधाकट माणसाचं डोकंही टपाला चार वेळा लागतं. डोक्याला धक्का लागू नये यासाठीची टोपी आणायला डोक्याला धक्का न लावता जायचं होतं. कमळाने दुलईची गुंडाळी केली, हलीमाबाईंनी ईदच्या शेवयांच्या टोपल्याचं झाकण दिलं, आणि या दोन्हींच्या मध्ये मालूचं डोकं बसवून वरून माझ्या धोतराने बांधलं. ड्रायव्हरने आरशात पाहून विचारलं की बाईंना लग्नाला न्यायचं आहे का. मालू त्या सगळ्यातून एका डोळ्याने बाहेर बघत होती आणि खूष होती. ती आठ महिन्यांनी घराबाहेर पडली होती.

त्या कचेरीत आम्हाला चारही टेबलांवरून फिरवण्यात आलं. प्रत्येक टेबलाला माझं निवेदन पाठ होतं आणि प्रत्येकजण ते लिहिणारा माणूस बघायला उत्सुक होता. निवेदन वाचून ते उठून उभे राहतील असं मला वाटलं होतं. ते उभे राहिलेही, पण हसू दाबण्यासाठी. शेवटी आम्हाला एका वयस्क साहेबांच्या समोर बसवलं. मालाची किंमत आणि जात ठरवायचं काम त्यांचं. त्यांच्या टेबलावर आमचं पार्सल उघडं होतं.

पहिल्यांदा त्यांनी बदकाला किल्ली दिली. बदक मान हलवत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. चारही टेबलांवरची माणसं पाहायला आली होती. साहेबांनी बदक पडू दिलं नाही, झेललं. "हे खेळणं," ते म्हणाले. "यात शंका नाही. परवान्याशिवाय देता येत नाही."

मग त्यांनी टोपी उचलली. तपकिरी रंगाची, कातड्याच्या जाड पट्ट्यांची, हनुवटीखाली बंद असलेली. ती त्यांनी उलटी केली, वास घेतला, बोटांनी दाबली. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी इतके दिवस ज्या गोष्टीवर चार पानं लिहिली ती मी अजून हातातही धरली नव्हती.

"तुमचं निवेदन वाचलं मी," ते मला म्हणाले. "दोनदा. शाळेतला निबंध असता तर बक्षीस दिलं असतं. त्यात सगळं आहे. फक्त घालणाऱ्याबद्दल एक ओळ नाही." मग मालूकडे वळून त्यांनी विचारलं, "बाळ, हे काय आहे?"

मालूने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा बसलो असेन.

"माझी टोपी," ती म्हणाली.

"घालून दाखवतेस?"

दुलई, झाकण आणि धोतर उतरवायला वेळ लागला. टोपी मात्र लगेच बसली. हनुवटीखालचा बंद साहेबांनी स्वतः बांधला. गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या बांधायला खेळण्यांच्या टेबलावरचा माणूस पुढे आला. मालू उभी राहिली. तिने मान इकडे तिकडे हलवून पाहिली. आणि मग, मी तिचा हात धरायच्या आत, ती धावत सुटली. त्या दिवाणखान्याएवढ्या खोलीत टेबलांच्या मधून ती पार टोकापर्यंत धावली, तिथे एक लोखंडी कपाट होतं त्याच्यासमोर थांबली, मान खाली घातली आणि बोकडासारखी कपाटाला टक्कर दिली.

ती वळली, आणि तिथूनच ओरडून तिने सांगितलं, "बाबा, काही होत नाही."

साहेबांनी चष्मा पुसला आणि माझ्या निवेदनाच्या चारही प्रती एकावर एक ठेवल्या. "मूल ज्याच्याशी खेळतं ते खेळणं," ते म्हणाले. "मूल जे घालून खेळतं ते त्याचे कपडे. आणि हे तर आता वापरलेले कपडे झाले. कपाटावर पोचा आला आहे." त्यांनी एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. जुने कपडे, एका मुलीचे. कर माफ.

इतकं साधं होतं हे. कमळाने डिसेंबरातच सांगितलं होतं.

"बदक?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"राहू दे त्यांना," मालूने माझा हात ओढत सांगितलं. "बाबा, चला ना. पाचला खेळ सुरू होतो." बदकाबाबतचा पत्रव्यवहार मी पुढे चालवला. ते मुंबईतच राहिलं.

त्या दिवशी पनवेलीला पोचेपर्यंत अंधारलं, म्हणून खेळ दुसऱ्या दिवसावर गेला. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून लवकर निघालो आणि मालूला घेऊन बोळात गेलो. पोरं थांबली. टोपी बघायला गर्दी झाली, दोघांनी टोपीवर टिचकी मारून पाहिली. मग कोणीतरी म्हणालं, "ही लिंबूटिंबू." खेळात लहान किंवा कच्च्या पोराला घ्यायचं तर त्याला लिंबूटिंबू म्हणतात. ते पळतं, ओरडतं, पण कधी आऊट होत नाही, कारण ते मोजणीतच नसतं. डोक्याचं ऑपरेशन झालेल्या मुलीला याहून सुरक्षित जागा कुठली? मला ती सूचना पसंत होती. मी तसं म्हणणारही होतो.

मालूचं तोंड उतरलं. ती टोपीचा बंद घट्ट धरून उभी राहिली.

फरिदा पुढे आली. तिने टोपी दाबून पाहिली, गुडघ्याच्या गाद्या पाहिल्या, चिंध्यांचा चेंडू एकदा टोपीवर हळूच मारून पाहिला. "लागलं?" मालूने नकारार्थी मान हलवली. "मग लिंबूटिंबू नाय," फरिदा म्हणाली. "टोपीवर बसला तरी आऊट. पुरी खेळाडू. चल." सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. दाखला, शिक्का, काही नाही.

मालू धावली. कौलं पडली, पोरं पांगली, आणि ती पाचवं कौल रचत असताना फरिदाचा चेंडू सणसणत आला आणि तिच्या पाठीत बसला.

"आऊट," फरिदा म्हणाली.

"नाय बसला. पदराला घासून गेला."

"तुझ्याकडे पदर कुठे आहे?"

मालूचा आवाज चढला. तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ती लालबुंद झाली होती, कमरेवर हात ठेवून फरिदाच्या अंगावर जात होती. तो आवाज ऐकून कमळा धावत दारात आली, हलीमाबाई खिडकीत आल्या. कोणीही मध्ये पडलं नाही. दोघी नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या.

मग मालूचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बाबा तिथेच उभे आहेत. बाबा, तुम्ही सांगा. बसला का?"

सगळा बोळ माझ्याकडे बघू लागला. मी नीट पाहिलं होतं. चेंडू दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये बसला होता, धूळ अजून तिच्या झग्यावर होती.

"बसला," मी म्हटलं. "आऊट."

मालूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा बाप नसून दुसऱ्या गटाचा माणूस आहे. ती तरातरा बाजूला जाऊन बाकीच्या बाद झालेल्या पोरांमध्ये बसली आणि तिथून माझ्याविरुद्ध बोलू लागली. रात्री जेवतानाही ती माझ्याशी बोलली नाही. कमळाने मात्र न मागता मला दुसरी पोळी वाढली आणि तुपाचा चमचा नेहमीपेक्षा जरा जास्त वाकडा केला.